कामेट एव्हरेस्टहून हजार मीटरनी ठेंगणा, पण सोपा नव्हे

प्रश्न थोडक्यात असा. दारव्हा तालुक्यातल्या एका २२ वर्षांच्या भावाला उत्तराखंडातलं कामेट शिखर चढायचं आहे. घरी कोरडवाहू शेती आहे, नवतप्यातही रोज दहा किलोमीटर पळतो, गाविलगड-नरनाळा कितीदा तरी झाले. त्याचं म्हणणं, चंद्रपूरच्या आश्रमशाळेतली पोरं २०१८ मध्ये थेट एव्हरेस्टवर गेली, ८,८४८ मीटर. कामेट तर ७,७५६ मीटर. १९३१ मध्ये लोक लोकरीचे स्वेटर घालून तो चढले आणि आज सगळीकडे त्याला ‘टेक्निकली सोपा’ म्हणतात. मग पहिलं शिखर म्हणून कामेट का नको? पुढच्या वर्षी जायचं तर तयारी काय करू, आणि बूट कोणते घेऊ?

भाऊ, तयारीचं सांगतोच. पण तुमच्या प्रश्नाची गाठ वेगळीच आहे. तुम्ही डोंगराची अवघडता मीटरात मोजताय. ज्यांनी त्या भागात मुक्काम केलाय ते ती वेगळ्या मापानं मोजतात: मदतीपासून किती दिवस दूर आहोत, आणि वरचं सामान कोणाच्या पाठीवर आहे? या मापानं कामेट हे भारतातल्या कठीण मोठ्या शिखरांपैकी एक आहे. पुढच्या वर्षी नका जाऊ. चार-पाच वर्षांत जाता येईल, आणि दारव्ह्याचा पोरगा म्हणून त्यात काहीही अडचण नाही.

आधी चंद्रपूरच्या पोरांचं, कारण हे उदाहरण विदर्भात सगळे देतात आणि बहुतेक वेळा अर्धंच देतात. २०१८ च्या मे महिन्यात ‘मिशन शौर्य’मधली पाच मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली, हे खरं आणि अभिमानाचं. पण ‘थेट’ हा शब्द खोटा आहे. त्यांची आधी निवड झाली, कितीतरी जण गळले, मग महिनोन्‌महिने टप्प्याटप्प्यानं प्रशिक्षण झालं, बर्फातलंसुद्धा. पाठीशी सरकारी खातं होतं. आणि एव्हरेस्टच्या नेहमीच्या वाटांवर दर हंगामात शेर्पा खालपासून माथ्यापर्यंत दोर बांधून ठेवतात, तंबू वर पोचवतात, सिलिंडर वाहतात. यातलं कामेटवर तुमच्यासाठी आधीपासून काहीच नसतं. दोर तुम्हीच लावायचा, तंबू तुम्हीच वाहायचा, वाट तुम्हीच तुडवायची. बऱ्याच हंगामांत त्या हिमनदीवर तुमच्या टीमशिवाय दुसरं माणूस दिसत नाही.

आता ‘सोपा’ या शिक्क्याबद्दल. कामेट सोपा असता तर तो चढायला शहात्तर वर्षं लागली नसती. हा इतिहास मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतो. कोण कुठून माघारी फिरलं आणि का, हे नीट पाहिलं तर तोच तयारीचा तक्ता होतो.

१८५५ मध्ये श्लागिंटवाइट हे जर्मन भाऊ तिबेटच्या बाजूनं आले. कामेट समजून ते चढले शेजारच्या अबी गामिनवर, आणि ६,७८५ मीटरच्या आसपासहून परतले. त्या काळात इतक्या उंचीवर कोणी गेल्याची नोंद नव्हती. डोंगरच चुकीचा होता, यावरून कामेट किती आत दडलाय ते बघा. भोवती अबी गामिन, माणा, मुकुट पर्वत असे ७,२०० मीटरवरचे पहारेकरी उभे आहेत. जवळ गेल्यावर मोठा कोणता आणि धाकटा कोणता हे कळत नाही.

मग १९०७ मध्ये लाँगस्टाफ हा ब्रिटिश गिर्यारोहक आला. त्याच मोसमात त्यानं ७,१२० मीटरचं त्रिशूल सर केलं होतं. ७,००० मीटरवरच्या शिखरावर माणूस पोचल्याची ती पहिली नक्की नोंद, आणि तीही कशी, तर वरच्या कॅम्पहून एका दिवसात जवळजवळ १,८०० मीटर चढून. एवढा दमदार गडी कामेटच्या वाटा बघून गेला, पण कामेट त्याच्या हाती लागला नाही. त्रिशूलवर जी धडक चालली ती इथं चालत नाही. इथं मधे लांबच लांब हिमनदी आहे, कॅम्पमागून कॅम्प लावावे लागतात, आणि धावत जायला ते अंतरच नाही.

यानंतरचे दोघे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. पहिला ब्रिटिश गिर्यारोहक चार्ल्स मीड. तो १९१० पासून पुन्हा पुन्हा येत राहिला आणि कामेट व अबी गामिन यांच्या मधली खिंड त्यानंच शोधली. आजही नेहमीची वाट त्याच मीडच्या खिंडीतून जाते. १९१३ मध्ये त्यानं तिथं, ७,१०० मीटरच्या वर, तंबू ठोकला. माथा समोर दिसत होता, पुढचा उतार फार अवघडही नव्हता. पण दुसऱ्या दिवशी उंचीच्या आजारानं त्याला चालवेना. दुसरा अलेक्झांडर केलस, लंडनमध्ये रसायनशास्त्र शिकवणारा मास्तर. उंचीवर शरीराचं काय होतं याचा त्याच्याइतका अभ्यास तेव्हा फार थोड्यांनी केला होता. १९२० मध्ये तो मॉर्सहेड या साथीदाराबरोबर कामेटवर आला तो प्राणवायूचे सिलिंडर तपासायलाच. सिलिंडरचं वजनच इतकं की वापरण्यातला फायदा वाहण्यात जात होता, असं त्याला आढळलं. ते दोघे खिंडीच्या थोडं वर, साधारण ७,१९० मीटरपर्यंत गेले. सप्टेंबरची थंडी होती, हमाल पुढचा कॅम्प न्यायला तयार नव्हते, आणि दोघे फिरले. पुढच्याच वर्षी एव्हरेस्टच्या पहिल्या मोहिमेत, डोंगर गाठायच्या आधी, वाटेतच केलस वारला.

मीड आणि केलस दोघांनाही कड्यानं अडवलं नाही. एकाला शरीर उंचीला सरावलं नसल्यानं थांबावं लागलं, दुसऱ्याला वरच्या कॅम्पवर पुरेशी माणसं आणि सामान नसल्यानं. ‘टेक्निकली सोपा’ हे वाक्य वाचताना एवढं डोक्यात ठेवा.

१९३१ च्या फ्रँक स्माइद या ब्रिटिश गिर्यारोहकाच्या टीमनं नेमके हेच दोन प्रश्न सोडवले. ते सहा जण, सोबत दार्जिलिंगचे शेर्पा आणि गढवालचे हमाल. मे महिन्यात रानीखेतहून पायी निघाले, आठवडे चालत धौलीगंगेच्या खोऱ्यात नीती गावापर्यंत आले. मग पूर्व कामेट हिमनदीवर एकेक कॅम्प लावत, सामान वर टाकून खाली झोपायला येत, सावकाश पाचव्या कॅम्पला पोचले. २१ जूनला स्माइद, शिप्टन, होल्ड्सवर्थ आणि लेवा शेर्पा माथ्यावर. अगदी शेवटच्या पावलांवर स्माइदनं लेवाला पुढे ढकललं, म्हणजे माथ्यावर पहिलं पाऊल त्याचं पडलं. दोन दिवसांनी ग्रीन, बर्नी आणि केसर सिंग पोचले. हा केसर सिंग गढवालचाच माणूस, सामान वाहायला घेतलेला. १९३३ मध्ये ऑलिव्हर या गिर्यारोहकाबरोबर त्रिशूलवरही तोच होता. तुम्ही गावाकडचे म्हणून लाजत असाल तर केसर सिंगचं नाव लिहून ठेवा. २५,००० फुटांवरचं शिखर माणसानं प्रथमच गाठलं होतं, आणि १९३६ मध्ये नंदादेवी होईपर्यंत कामेट हेच चढलेलं सर्वांत उंच शिखर राहिलं. फोटोत हसरे चेहरे दिसतात. लेवाचे पाय हिमदंशानं निकामी व्हायची वेळ आली होती, ते फोटोत येत नाही.

लोकरीच्या कपड्यांबद्दल तुम्ही लिहिलंय. पण त्यांच्याकडे जे होतं ते तुमच्याकडे नाही, आणि ते म्हणजे गाडी नसणं. रानीखेतहून नीतीपर्यंत चालता चालताच त्यांचं अंग उंचीला सरावत गेलं. आज ऋषिकेशला बसलात की एका दिवसात जोशीमठ, दुसऱ्या दिवशी मलारी, आणि तिथून गाडी तुम्हाला ३,६०० मीटरच्या नीती गावात सोडते. दारव्हा तीन-चारशे मीटरवर. नागपूरहून रेल्वेत बसल्यापासून चार-पाच दिवसांत शरीर तीन हजार मीटर वर, आणि रक्ताला अजून बातमीच नाही. म्हणून आमचा नियम ठरलेला: ३,००० मीटरनंतर झोपायची जागा रोज फार तर ५०० मीटरनी वाढवायची, तीन-चार दिवसांआड एक दिवस थांबायचं. टीममधल्या सगळ्यात तगड्या पोराला हा नियम सगळ्यात नकोसा वाटतो. पळणारी, व्यायाम करणारी मुलं पहिले दोन दिवस पुढे पुढे धावतात आणि तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात, हे मी प्रत्येक बॅचमध्ये पाहतो. दम चांगला असला म्हणजे उंची लागत नाही, असं काही नाही. कोणाला किती लागेल हे तब्येतीकडे बघून सांगता येत नाही, जाऊनच कळतं.

मीडच्या खिंडीतल्या सकाळचं थोडं सांगतो, म्हणजे ‘सोपा’ कशाला म्हणतात ते कळेल. माझी तुकडी सामान पोचवायची होती, माथ्यावर दुसरी गेली. रात्री बुटांचे आतले जोडे झोपायच्या पिशवीत पायाशी घेऊन झोपायचं, नाहीतर सकाळी ते लाकूड होतात. गॅसचं सिलिंडरही पिशवीतच. दोन वाजता उठून बर्फ वितळवायला बसायचं. भांडंभर बर्फ घातला की तळाला दोन बोटं पाणी होतं, पुन्हा बर्फ घालायचा. तिघांना प्यायला आणि बाटल्या भरायला दोन-अडीच तास सहज जातात. त्यात कोणाला चहाचा वास सहन होत नाही, कोणी प्यालेलं ओकून टाकतं. मग बूट चढवायचे, त्याखाली क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे लोखंडी दाते, बांधायचे. पट्टा ओवताना हातमोजा काढायचा मोह होतो आणि बोटं तिथंच जातात. बाहेर तिबेटच्या पठारावरून वारा येतो, तो अडवायला मधे काही नाही. उतार साधाच होता. त्या उतारावर माणूस दहा पावलं टाकतो आणि बर्फाच्या कुदळीवर डोकं टेकून उभा राहतो.

तिथं चालायचं बिघडलं तर खाली आणणारे हात तुमच्याच टीमचे. छातीत घरघर, बसल्या जागी धाप, किंवा सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालता न येणं, यातलं काहीही दिसलं की औषधाच्या नादात रात्र काढायची नाही, माणसाला खाली न्यायचं. फुप्फुसात पाणी झालेला किंवा मेंदूला सूज आलेला माणूस खाली आणायला चार-सहा धडधाकट माणसं लागतात. अशी टीम पैसे भरून तयार होत नाही. एकत्र शिकलेल्या, एकमेकांचा चिडका चेहरा माहीत असलेल्या लोकांतून होते.

आता तयारी. तुमचं पळणं चांगलंच आहे, पण नवतप्यात भर उन्हात पळून हिमालयासाठी जास्तीचं काही मिळत नाही, उलट ऊन लागेल. पहाटे पळा. आठवड्यातून दोनदा पळण्याऐवजी ओझं घेऊन चढा. दारव्ह्याच्या आसपास मोठा चढ नाही हे मला माहीत आहे. जवळची टेकडी पुरे, तीच दहा वेळा चढायची. सॅकमध्ये पाण्याचे कॅन भरून १५ ते २० किलो करा, वर पोचलात की पाणी झाडाला ओतून द्या आणि रिकामे उतरा. गुडघे चढताना नाही, ओझ्यासकट उतरताना जातात, आणि ते तुम्हाला पुढं लागणार आहेत. महिन्यातून एकदा चिखलदऱ्याकडे जा, परतवाड्याच्या बाजूनं घाटातून ओझं घेऊन पायी चढा. वावरात ज्यानं कापसाची बोंदरी डोक्यावर वाहिलीय त्याला हे जड जाणार नाही. अंगमेहनत, साधं खाणं, कुरकुर न करता दिवसभर राबणं, यात आपली पोरं शहरातल्यांना मागं टाकतात. अडतात ती बर्फ, थंडी आणि दोर या तीन ठिकाणी, आणि ही तिन्ही विदर्भात शिकता येत नाहीत. दोराच्या गाठी तेवढ्या घरी शिका. पण जाड हातमोजे घालून, डोळे मिटून बांधता आल्या तरच आल्या म्हणायच्या.

एक गोष्ट विदर्भाबाहेरचा प्रशिक्षक तुम्हाला सांगणार नाही. सिकलसेलची तपासणी करून घ्या. आपल्या भागात हा आजार आहे, आणि ज्याला तो नाही पण जो नुसता वाहक आहे, एएस पॅटर्नचा, त्याला आयुष्यभर काही त्रास होत नाही, त्यामुळे पत्ताच नसतो. उंचीवर प्राणवायू कमी पडला की अशा काही जणांच्या प्लीहेचा रक्तपुरवठा अडतो, डाव्या बरगडीखाली जीवघेणं दुखतं. सगळ्या वाहकांना होतं असं नाही, पण कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही. ग्रामीण रुग्णालयात आधी सोल्युबिलिटी टेस्ट करतात, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस. हिमोग्लोबिनही बघून घ्या. रिपोर्टमध्ये काही निघालं तर निर्णय डॉक्टरचा, माझा नाही, आणि तुमच्या उत्साहाचाही नाही.

शिक्षणाचा क्रम असा. उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, पहलगामची जवाहर संस्था, यांपैकी कुठंही बेसिक कोर्स करा. महिन्याभराचा असतो. फी सरकारी आहे, खासगी मोहिमांच्या मानानं बरीच कमी, पण जागा लवकर भरतात, म्हणून अर्ज आजच करा. बेसिकमध्ये ‘ए’ ग्रेड मिळाली तरच अ‍ॅडव्हान्सला घेतात. दार्जिलिंगच्या संस्थेचे पहिले प्राचार्य मेजर नंदू जयाल, आणि भारतीयांनी कामेट प्रथम चढला तो १९५५ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली. शाळेत ते डेहराडूनच्या डून स्कूलचे विद्यार्थी, आणि १९३१ च्या टीममधला होल्ड्सवर्थ पुढं डूनमध्येच मास्तर झाला होता. या खेळात वाट अशीच हातोहात जाते, म्हणून मी संस्थेचा आग्रह धरतो.

अ‍ॅडव्हान्सनंतर एखादं ६,००० मीटरचं शिखर, लडाखमध्ये किंवा हिमाचलात, आणि ते दोनदा वेगवेगळ्या मोसमांत केलंत तर फारच छान. त्यानंतर ७,००० मीटरच्या थोडं वरचं: नून, सतोपंथ किंवा त्रिशूल. तिथं तुमचं शरीर कसं वागतं ते पाहून मग कामेट. किती वर्षं लागतील हे सुट्टी, पैसा आणि घरची परिस्थिती यांवर आहे. पेरणीच्या तोंडावर जूनमध्ये घरातून निघणं कोरडवाहूवाल्याला किती अवघड आहे हे मी जाणतो. तुम्हाला सप्टेंबर-ऑक्टोबरचा मोसम सोयीचा वाटेल, पण तेव्हा दिवस लहान आणि थंडी जास्त. घरी कोणी भाऊ वावर बघणारा असेल तर मे-जूनच धरा.

परवानगीचं एका परिच्छेदात आटोपतो. कामेट तिबेटच्या सीमेला खेटून आहे. भारतीय गिर्यारोहण फाउंडेशनची मंजुरी, सीमेलगतच्या भागात जायचा इनर लाइन परमिट, सोबत संपर्क अधिकारी, हे सगळं टीमच्या नावे होतं, एकट्याच्या नाही. टीमचा अनुभव तपासूनच होतं. त्यामुळे पुढच्या वर्षी तुम्ही अर्ज केला असता तरी कागदावरच अडला असता.

कामेटची दुसरी टोकाची बाजूही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी नुसता भीती घालतोय. २००८ मध्ये काझुया हिराइदे आणि केइ तानिगुची या दोघा जपान्यांनी कामेटची आग्नेय भिंत सरळ चढून काढली. ना मधे कॅम्प, ना हमाल, ना लावलेले दोर. त्याबद्दल त्यांना पिओले दॉर हा गिर्यारोहणातला मोठा सन्मान मिळाला, आणि तो मिळवणारी तानिगुची पहिली स्त्री. पण ते दोघे मदतीच्या माणसांविना गेले ते वर्षानुवर्षं हिमालयात आणि बाहेर चढाई केल्यावर. पहिलं शिखर म्हणून नाही.

घरच्यांना मात्र काही लपवू नका. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये द्रौपदी का दांडा-२ या ६,००० मीटरहून कमी उंचीच्या शिखरावर हिमस्खलनात प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक मिळून पंचवीसहून अधिक लोक गेले. तिथं शिकवणारे अनुभवी होते. आईला हे तुमच्या तोंडून आधी कळलेलं बरं, टीव्हीवरून नको. विम्याचे कागद कुठं ठेवलेत हेही सांगून निघायचं.

राहिले बूट. काही घेऊ नका. उंचीवरच्या दुहेरी बुटांची एक जोडी म्हणजे एका हंगामातल्या बियाण्या-खताचा खर्च, आणि पहिल्या दोन कोर्सला संस्था बूट, कुदळ, क्रॅम्पॉन, झोपायची पिशवी सगळं देते. तुम्ही घोट्यापर्यंतचे साधे ट्रेकिंगचे बूट घ्या, एक नंबर मोठे, जाड मोजा घालून दुकानात चालून बघा, आणि कोर्सला जायच्या आधी दोन महिने वावरात तेच वापरा. बेसिकची ग्रेड आली की इथंच कळवा, पुढच्या शिखराचं तेव्हा बोलू.